झालं म्हटल्याशिवाय

“तुला एका जागी बसता येत नाही, म्हणूनच तू मला हवायस. नाहीतर तुला कोण बोलावतंय इथे?” ताई म्हणाली.

“मग सरळ सांग की, उंदीर पाहिजे म्हणून!”

“उंदीर परवडला. तो उलट बोलत नाही.”

भिंगरीने बाकावर आपटलेली टोपी उचलली आणि दाराकडे दोन ढांगा टाकल्या. मग थांबला. ताई पाठमोरी होती, पण समोरच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा भांडणारीचा नव्हता. डोळ्यांखाली काळं झालेलं. ओठ आत ओढलेले. असा चेहरा ती रडू आवरताना करायची, हे त्याला लहानपणापासून माहीत.

“बरं, बोल,” तो म्हणाला. “पण कान किटेपर्यंत नको.”

सतरा वर्षांचा होता तो. भिंगरी हे नाव त्याला घरच्यांनीच ठेवलं होतं, कारण पाय एका ठिकाणी ठरायचे नाहीत. शाळेनेही शेवटी तेच म्हटलं, जरा सभ्य शब्दांत. मग एके दिवशी त्याने दप्तर मास्तरांच्याच टेबलावर ठेवलं आणि शाळेला रामराम ठोकला. आता सायकलवरून पार्सलं पोचवायचा. राग नाकाच्या शेंड्यावर, पण नजर घारीची. कुठल्या घराच्या खिडकीचा पडदा बदलला तेही त्याला कळायचं.

ताईचं काम मात्र सगळं बसून. दवाखान्याच्या तळमजल्यावर ते मोठं मशीन होतं, माणसाला आत सरकवून शरीराच्या आतली चित्रं काढणारं. ती डॉक्टर नव्हती. ती त्या मशीनचा ठेका बसवायची. तिने एकदा त्याला समजावलं होतं. अंगात सगळीकडे पाणी असतं. मशीनचं चुंबक त्या पाण्याच्या कणांना रांगेत उभं करतं. मग त्यांना रेडिओचा एक टोला द्यायचा. कण डगमगतात आणि परत रांगेत येताना कुजबुजतात. ती कुजबुज ओळीओळीने गोळा करायची, सगळ्या ओळी जमल्या की चित्र. टोला कधी द्यायचा, केवढा द्यायचा, मध्ये किती थांबायचं, त्या ठेक्याला सिक्वेन्स म्हणायचं. ठेका जेवढा जलद, तेवढं पेशंटला कमी वेळ निपचित पडावं लागतं.

“वर वॉर्डात एक मुलगी आहे,” ताई सांगायला लागली. “पाच वर्षांची. डोक्याचं चित्र काढायलाच हवं. पण ती क्षणभर स्वस्थ पडत नाही, आणि तिच्या छातीत दोष आहे, भूल झेपेल की नाही सांगता येत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, हलणाऱ्या माणसाचं चित्र स्पष्ट काढून दाखव, मग शुक्रवारी भूल न देता तिला आत घेऊ. नाहीतर भूल द्यावीच लागेल.”

पुढचं सांगायची गरजच नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ पिटू, सहा वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी ह्याच मशीनमध्ये गेला होता. त्यालाही भूल दिली होती. तो उठला नाही. कुणाची चूक नव्हती, असं सगळे म्हणाले. हजारांत एखाद्याला होतं म्हणे. आई त्या दिवसापासून दवाखान्याच्या रस्त्याला फिरकली नाही, आणि ताई त्या दिवसापासून दवाखान्यातून बाहेर पडली नाही, असंच म्हणायचं. घरी यायची ती नुसती अंघोळीला.

मशीनमध्ये धातू चालत नाही, म्हणून भिंगरीने पट्टा सोडला, किल्ल्या काढल्या. खिशातली चिल्लर ट्रेमध्ये टाकली.

“डोक्यात काही लोखंड वगैरे?” काकांनी विचारलं. काका म्हणजे ते मशीन चालवणारे. पेशंटला झोपवायचं, बटणं दाबायची, सगळं त्यांच्याकडे. पोट सुटलेलं, केस पांढरे, आवाज मऊ.

“डोकंच नाहीये त्याला,” ताई म्हणाली. “चालतंय.”

काकांनी त्याचं डोकं प्लास्टिकच्या पिंजऱ्यात बसवलं आणि हातात एक रबरी फुगा दिला. काही झालं तर पिळायचा. मग टेबल आत सरकलं. बोगदा अरुंद होता, कोपर भिंतीला लागत होतं. कपाळावर पंख्याचा गार वारा. पहिला स्कॅन जुन्या ठेक्याचा होता, ठक ठक ठक, कुणी बादलीवर हातोडा मारतंय तसा. ताईने सांगितलेलं, हवं तेवढं हल. त्याने मान डोलावली, नाक खाजवलं, दोन शिव्या हासडल्या.

“झालं, आता हला हं,” माइकवर काकांचा आवाज आला.

“मी हलतोच आहे की!”

“हलत असलास तरी मी म्हणणार. ‘झालं’ म्हटल्याशिवाय मी पेशंटच्या खोलीचं दार उघडत नाही. बेशुद्ध माणूस असला तरी सांगतो. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांची शिकवण आहे. आपण पडायला सांगितलं, तर उठायलाही आपणच सांगायचं.”

पहिलं चित्र बघण्यासारखं नव्हतंच. एकाशेजारी एक चार डोकी, सगळी पुसट, पाण्यात शाई सांडावी तशी. मग ताईचा ठेका लावला. ह्यात ती पुष्कळशा ओळी घ्यायचीच नाही. कॉम्प्युटर मधल्या गाळलेल्या ओळी अंदाजाने भरायचा. आवाज वेगळाच आला, बारीक आणि भरभर, पत्र्यावर ज्वारीचे दाणे ओतावेत तसा. भिंगरीने ह्यावेळी मुद्दाम मान पार उजवीकडे वळवली, पिंजऱ्याला गाल टेकेपर्यंत.

बाहेर आला तेव्हा ताई पडद्यासमोर उभी होती, हात तोंडावर.

“बघ,” ती म्हणाली. “बघ ना भिंगऱ्या! एक रेघ पुसट नाही.”

खरंच नव्हती. मेंदूच्या घड्या सुरीने कोरल्यासारख्या. काकांनी टाळी वाजवली. ताई हसली. किती दिवसांनी हसली, कुणास ठाऊक. भिंगरीला ते हसू मोडावंसं वाटेना, पण तोंड कुठे ऐकतंय.

“ताई, मी मान वळवली होती.”

“मग?”

“हे डोकं सरळ आहे.”

“कॉम्प्युटर हालचाल दुरुस्त करतो. तेच तर काम आहे त्याचं.”

“बरं. आणि दात?”

ती मेंदू बघत होती. तिला मेंदूच बघायचा असे, खालचा चेहरा ती चौकटीबाहेर ठेवायची. भिंगरीने माउस ओढला आणि चित्र वर सरकवलं. जबडा दिसायला लागला. वरच्या ओळीत बारके बारके दात, आणि त्यांच्या मुळांशी, हिरडीच्या आत, दुसरे दात. बाहेर यायचे राहिलेले, मोठे, गप्प बसलेले.

भिंगरीच्या तोंडात अक्कलदाढ आली होती. महिनाभर त्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे लहान मूल आहे,” ते म्हणाले. “दुधाचे दात आहेत ह्याला.”

“अंदाज चुकला,” ताई पटकन म्हणाली. “गाळलेल्या ओळी भरताना कॉम्प्युटरने जुन्या कुठल्यातरी चित्रातलं उचललं असेल.”

“कुठल्या?”

“मला काय माहीत!”

“पिटूचं घातलंयस का त्यात?” भिंगरीने विचारलं.

ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धं पाऊल मागे सरला. “मी त्याचं चित्र कधी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही,” ती म्हणाली.

त्यांनी आधी पाण्याने भरलेला प्लास्टिकचा गोळा आत ठेवला. मशीन तपासायला तोच असतो. गोळ्याचं चित्र गोळ्यासारखंच आलं, स्वच्छ, पांढरं, रिकामं. म्हणजे मशीन बरोबर होतं. ताईचा जीव भांड्यात पडला. मग काका म्हणाले, “मी पडतो,” आणि बोगद्यात पोट आत ओढत शिरले. “लग्नातसुद्धा एवढा दबून नव्हतो,” आतून आवाज आला. कुणी हसलं नाही.

ज्वारीचे दाणे ओतल्यासारखा आवाज झाला. पडद्यावर चित्र उमटलं.

काकांना अर्धे दात नव्हते. चित्रात मात्र तेच बारके दात होते, तीच सरळ मान.

दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून टेबलावर पडलं होतं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी फरशी पुसत होतं, बादली सरकल्याचा आवाज येत होता. सगळं रोजच्यासारखं. ताई खुर्चीत बसली आणि तिने ठेका आणखी जलद केला. आता एक चित्र नाही, एकामागून एक चित्रं. सिनेमाच म्हणा ना. डोकं बाजूने उभं चिरल्यासारखं दिसत होतं. नाक, ओठ, त्यामागे जिभेचा करडा गोळा.

जीभ हलत होती.

“काका,” ताईने माइक दाबला, “तुम्ही काही बोलताय का?”

“नाही गं. तोंड मिटून पडलोय.”

जिभेचं टोक वर गेलं, दातांमागे टेकलं, सुटलं. परत वर गेलं. मग टोक खाली, आणि जिभेची मागची बाजू टाळूला लागून सुटली. जबडा उघडला. थोडं थांबून परत तेच. परत तेच. अजिबात घाई नव्हती त्यात. कितीतरी वेळा विचारून झालेलं, आणि तरी चिडायचं नाही असं ठरवलेलं.

भिंगरी पडद्याला नाक लावून बघत होता. त्याने स्वतःच्या तोंडात जीभ तशी हलवून बघितली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा जमलं, आणि त्याच्या तोंडून आपोआप शब्द बाहेर पडले.

“झालं का?”

ताईचा हात टेबलावरून घसरला.

“तो विचारतोय,” भिंगरी म्हणाला. “झालं का, असं विचारतोय.”

ताई बोलायला लागली, पडद्याकडे बघतच. “मी सांगितलं होतं त्याला. टेबलावर झोपवलं तेव्हा. घाबरला होता. म्हटलं, पिटू, पुतळा व्हायचं. सुईने झोप लागली तरी पुतळाच. मी ‘झालं’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. तो म्हणाला, नक्की म्हणशील ना? म्हटलं, नक्की.”

“मग?”

“मग मधेच त्याचा श्वास… सगळे धावले ना आत. दार तसंच उघडलं. मी कशी म्हणणार? कुणाला म्हणणार?”

भिंगरीला पिटू आठवला. एकदा आईने त्याला दारात बसवून ‘इथून हलू नकोस’ म्हटलं आणि ती बाजारात रेंगाळली, तर चड्डी ओली झाली तरी पठ्ठ्या जागचा हलला नव्हता. भिंगरी तेव्हा पोट धरून हसला होता.

“म्हण मग आता,” तो म्हणाला. “माइक समोर आहे.”

ताईने माइकवर हात ठेवला.

“ताई, म्हण.”

“म्हटलं आणि तो गेला तर?”

“जायलाच पाहिजे ना!”

“कुठे?” ती ओरडली. “कुठे जाणार तो, सांग ना मला! इथे दिसतोय तरी. रविवारी मशीन रिकामं असतं. आपण यायचं दोघांनी. आईलासुद्धा आणू. फक्त बघायचं, बाकी काही नाही.”

“आणि शुक्रवारी? ती मुलगी आत पडणार, आणि चित्र ह्याचं येणार. डॉक्टर ह्याचं डोकं बघून तिला औषध देणार!”

“मग शुक्रवारी जुना ठेका लावू.”

“म्हणजे भूल.”

ताईला कळलं होतं. भिंगरीला वाटलं, आता म्हणेल. तिने माइकचं बटण दाबलं. तोंड माइकजवळ नेलं. आणि अंगाई म्हणावी इतक्या हळू ती म्हणाली,

“हलू नकोस हं सोन्या. अजून थोडंच.”

पडद्यावरची जीभ थांबली.

ओठ मिटले. सगळं निपचित झालं. ऐकलं होतं त्याने.

आत काकांनी फुगा पिळला. शिट्टी वाजली. टेबल बाहेर आलं तर काका घामाने भिजलेले. “कोणाला सांगत होतीस तू?” त्यांनी विचारलं. “माझ्याशेजारी… बोगद्यात इतकी जागा नसते गं.” मग त्यांची नजर पडद्यावर गेली आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. “त्या दिवशी मी माइकवर होतो,” ते म्हणाले. “धावपळीत माझ्याकडूनही राहिलं. तेवढं एकदाच.”

भिंगरीचं डोकं फिरलं. ताईवर की काकांवर, त्याचं त्यालाच कळेना. दोन वर्षं! पोरगं दोन वर्षं निपचित पडलंय, आणि हे दोघं अजून भिंतीला टेकतायत, माइक कुरवाळतायत.

“मशीन चालू करा,” तो म्हणाला, आणि बूट भिरकावून आत गेला.

“भिंगऱ्या, नको,” ताई म्हणाली. “मी म्हणते. उद्या म्हणते.”

“काका, चालू करा म्हटलं ना!”

काकांनी ताईकडे बघितलं नाही. बटण दाबलं.

टेबल आत सरकलं. गार वारा. पांढरं छत नाकाजवळ. भरभर बारीक आवाज.

आयुष्यात पहिल्यांदा भिंगरी अजिबात हलला नाही.

डाव्या कुशीला ऊब होती. थोडीशीच. लहान मूल अंथरुणात शेजारी झोपलं की लागते तेवढी.

त्याने श्वास घेतला. पार्सल घ्यायला माणूस उशिरा आला की त्याच्यावर खेकसायचा तोच आवाज, पण आता तो फुटत नव्हता.

“पिटू,” तो म्हणाला. “झालं रे.”

काही नाही.

“झालं. खरंच झालं. ताईनेच सांगितलंय. ऊठ.”

ऊब हलली.

कोपर बरगडीत लागलं, टोकदार, घाईचं. मग गुडघा. अडचणीच्या जागेतून अंग सोडवून घ्यावं तसं काहीतरी त्याच्या अंगावरून पायांकडे सरकत गेलं. भिंगरीने डोळे मिटून घेतले होते. गालांवरून पाणी ओघळून कानांत जात होतं, ते त्याला पुसता आलं नाही.

“चित्र हलतंय,” काकांचा आवाज आला. “सगळं पुसट झालं… थांब. थांब. आलं. दाढा दिसतायत. भिंगऱ्या, हे तुझं आहे. एकदम स्वच्छ.”

आणि मागे ताईचा रडण्याचा आवाज. दोन वर्षांत ती एकदाही रडली नव्हती. आई म्हणायची, पोरगी दगड झाली. आता तो आवाज माइकमधून सगळ्या खोलीत भरला. मग काकांनी बटण सोडलं असावं, कारण एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत त्यांनी परत बटण दाबलं आणि खरखरीत आवाजात म्हटलं, “झालं. आता हला हं.” एकदा म्हटलं, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा.

भिंगरी बाहेर आला तेव्हा ताई टेबलावर डोकं टेकून बसली होती. तिच्यामागे पडद्यावर त्याचं चित्र होतं, हट्टी, मोठ्या जबड्याचं. शुक्रवारी त्या मुलीचं चित्र तिचंच येणार होतं.

“गेला?” ताईने विचारलं. मान वर केली नाही.

भिंगरी बाकाशी गेला. पट्टा तसाच राहू दिला, टोपीही. भिरकावलेले बूट एकाच हाताने गोळा केले आणि एकाच हाताने पायांत सरकवले. नाड्या सुटलेल्याच राहिल्या. डावा हात मोकळा नव्हता. त्याचं बोट कुणीतरी मुठीत धरलं होतं, घट्ट, आणि ती मूठ घामेजलेली होती.

“बस ना जरा,” ताई म्हणाली. “पाणी घे. आपण दोघं मिळून जाऊ घरी.”

तो दारापर्यंत पोचला होता. आखूड पावलं टाकत, डावीकडे किंचित झुकून.

“नाही ताई, मला आता निघायलाच पाहिजे,” तो म्हणाला. “फरशी गार आहे, आणि ह्याच्या पायांत काही नाही.”